शेटकारअप्पांची कलावंतगणना

लेक ऋतुजा डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा अभ्यास सोडणार आहे ही बातमी गुरुलिंगअप्पा शेटकारांना भाकरीच्या दुसऱ्या घासाला कळली. तो घास गिळायचा की ताटात परत ठेवायचा, हे त्यांना बराच वेळ कळेना. तुम्ही म्हणाल, यात एवढं काय. पण तुम्ही उदगीरचे नाही. इकडं लेकरू दहावी झालं की त्याला लातूरला क्लासला नेऊन सोडायचं असतं, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. ऋतुजा तिथं तीन वर्षं राहिली होती, त्यातलं शेवटचं रिपीटच्या बॅचला. आणि परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असताना ती सगळ्या बॅगा घेऊन रिक्षातून दारात उतरली होती.

"मला फाइन आर्टला जायचंय अप्पा," ती म्हणाली. "चित्रकलेला. कॉलेजच्या फॉर्मला पालकाचं संमतीपत्र जोडावं लागतंय. त्याच्यावर तुमची सही पाहिजे. वीस तारखेच्या आत पोष्टानं पोचलं पाहिजे."

आता अप्पांची अडचण समजून घ्या. चौतीस वर्षं ते पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते, आठ महिन्यांखाली रिटायर झाले. खेड्यापाड्यांत त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते, पण त्यांनी एकालाही कधी दुरुस्त केलं नाही. लेक खरीखुरी डॉक्टर झाली की आपली ही लहानशी लबाडी आपोआप मिटेल, असा त्यांचा मनातल्या मनात हिशेब होता. तो हिशेब आता भाकरीबरोबर घशात अडकला होता.

"चित्रं काढून कुणी जगतंय का?" त्यांनी विचारलं. "लातूर अन् नांदेड, दोन जिल्हे धर. ह्या दोन जिल्ह्यांत मला एक माणूस दाखव, जो आज जित्ता हाय, चित्रं काढतो अन् त्याच्यावरच पोट भरतो. एकच. मला पटला की सही करतो."

"मी दाखवलेला तुम्हाला पटायचा न्हाई," ऋतुजा शांतपणे म्हणाली. "तुम्हीच हुडका."

"हुडका की," शिवकांताबाई आतून म्हणाल्या. "तसं बी घरात बसून माझ्या वरणात मीठ किती पडतंय तेच मोजूलालात."

बायको आणि लेक एका बाजूला झाल्या की अप्पा कायम सरकारी कागदाचा आधार घेत. त्यांनी कपाटातून पशुगणनेचं एक कोरं रजिस्टर काढलं. जात, वर्ण, वय, दात, शिंगं, व्यंग असल्यास, असे छापील रकाने होते. 'शिंगं' तेवढं त्यांनी खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'समकालीन दृश्यकलावंत यांची यादी'. हे शब्द त्यांनी ऋतुजाच्या फॉर्मवरून घेतले होते. अर्थ त्यांना पूर्ण कळला नव्हता, पण खात्यातही त्यांनी बऱ्याच गोष्टी अर्थ न कळता पार पाडल्या होत्या.

शेजारी रामलिंगप्पा राहतात. अडत दुकान त्यांनी पोराच्या हवाली केलंय आणि आता दिवसभर ओट्यावर बसून गल्लीच्या कारभारावर नजर ठेवतात. त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि आपलं मत मांडलं.

"चित्रकार म्हनलं तर फ्लेक्सवाला शिवकुमार. उदगीरच्या चौकाचौकात त्याचंच चित्र हाय. दुसरं कुनाचं एक तरी दिसतंय का?"

वरच्या माळ्यावरच्या शरणम्मांना हे पटलं नाही. त्यांच्या मते कलावंत म्हणजे केकवर आयसिंग करणारी त्यांची भाची. ती केकवर शंकराची पिंड काढते, मग ती पिंड सुरीनं कापायची कशी म्हणून घरातले लोक केक तसाच फ्रिजमध्ये ठेवतात. अप्पांनी भाचीचं नाव लिहिलं, वर्ण 'गोरा' घातला आणि दातांचा रकाना रिकामा सोडून ते शिवकुमारच्या दुकानात गेले.

शिवकुमार पस्तिशीचा, बोलका माणूस. त्यानं कॉम्प्युटरवर आपलं काम दाखवलं. एक पुढारी वाघाच्या शेजारी उभा होता, दुसरा विमानातून उतरत होता, तिसऱ्याच्या पाठीमागं सूर्य उगवत होता आणि खाली पन्नास शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं मांडली होती. अप्पा भारावले. पोट भरतंय का, विचारलं तर भरत होतं, उलट वरची दाढही सोन्याची होती. ती त्यांनी दातांच्या रकान्यात नोंदवली. मग शेवटी सहज म्हणून त्यांनी विचारलं, "हे समदं तुम्ही हातानं काढता?"

"काढत न्हाई अप्पा, चिटकवतो," शिवकुमार इमानदारीनं म्हणाला. "मुंडकं गिऱ्हाईकाचं, धड कॉम्प्युटरमधलं. बसा, तुमचा बी एक फोटो काढून ठेवतो. कधी लागलाच तर."

अप्पांनी फोटो काढू दिला. पुढं जे झालं त्यात हा फोटो त्यांची सगळ्यात मोठी चूक ठरला, पण त्या वेळी त्यांना आपण रुबाबदार दिसतोय एवढंच वाटत होतं.

तिथून ते जुन्या पेंटर गल्लीत गेले. तिथं एके काळी पाच पेंटर होते. आता एक चहा विकत होता, एक लेकाकडं पुण्याला होता, आणि तिघांबद्दल कुणी काही सांगेना. चहावाल्यानं अप्पांना चहा पाजला आणि विचारलं, "डॉक्टर, यादी कशाची करूलालात?"

"कलावंतांची," अप्पा म्हणाले.

"कसले कलावंत?"

"समकालीन."

"म्हंजी?"

अप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजी आत्ता हयात असलेले," ते म्हणाले आणि चहा संपवून घरी आले.

एवढंच ते बोलले. ह्यात काही वावगं आहे का? पण मराठवाड्यात एखादा सरकारी वळणाचा माणूस बगलेत रजिस्टर घेऊन कलावंतांची नावं लिहीत फिरू लागला आणि वर 'हयात' हा शब्द उच्चारला, तर त्याचा अर्थ एकच होतो. म्हाताऱ्या कलावंतांना मिळणाऱ्या मानधनाची नवी यादी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा लिंगपूजा आटोपून अंगणात आले तर फाटकाबाहेर रांग होती. पहिले शेषेराव हलगीवाले, खांद्याला हलगी. त्यांच्या मागं दोन भजनी मंडळं, टाळांसकट. एक गृहस्थ तोंडानं रेल्वेचं इंजिन काढायचे. त्यांनी ओळख म्हणून तिथंच उदगीर स्टेशनात गाडी आणली आणि शरणम्मा वरून वाकून बघायला लागल्या. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि ग्रामपंचायतीचा हयातीचा दाखला. समकालीन असल्याचा पुरावा सगळ्यांनी रीतसर आणला होता.

"हे मानधनाचं न्हाई ओ," अप्पा सांगू लागले. "ही माझी घरगुती यादी हाय. अन् मला फक्त चित्रवाले पाहिजेत."

"अप्पा, तसं सांगावंच लागतंय तुम्हाला," शेषेराव समजूतदारपणे म्हणाले. "आम्हाला कळतंय. तुम्ही लिवा."

केवळाबाई म्हणून पंच्याहत्तरीची एक बाई होती. तिला चित्रवाल्यांचं ऐकू गेलं तशी ती पुढं सरकली आणि तिनं पदर सारून हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, विंचू, पाळणा, सीतेची चौकट असं सगळं गोंदलेलं. "हे मी गोंदते. आजवर आर्ध्या तालुक्याचे हात म्या हिरवे केले," ती म्हणाली. अप्पा गोंधळले. हे चित्र तर होतंच. बाई हयातही होती, दाखलाच होता. पण पोट कशावर भरतं, विचारल्यावर ती म्हणाली, "रोजगार हमी." अप्पांनी तिचं नाव लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. मग तिचं लिहिलं म्हणून बाकीच्यांचंही लिहावं लागलं. दुपारपर्यंत एकसष्ट नावं झाली. शिवकांताबाईंनी चहाचं मोठं पातेलं तीनदा चढवलं आणि चौथ्या वेळी ते अप्पांच्या पुढ्यात आणून नुसतं आपटलं.

ऋतुजा या सगळ्या वेळात पायरीवर बसून कागदावर काही तरी काढत होती. अप्पांनी ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना रांग दिसली असती, आणि रांगेच्या टोकाला रजिस्टर छातीशी धरून उभा असलेला, घाम पुसणारा एक माणूस.

तिसऱ्या दिवशी एका कचेरीतून फोन आला. कोणत्या, ते विचारू नका, उदगीरात मला अजून राहायचंय. तिथले बडे बाबू म्हणाले की आपण कोणत्या आदेशान्वये अर्ज स्वीकारताय याचा लेखी खुलासा द्या. अप्पांच्या पायाखालची जमीन सरकली. चौतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांकडून शेकडो खुलासे मागितले होते, स्वतः कधी एक दिला नव्हता. खुलाशात लिहायचं तरी काय? 'माझ्या मुलीस डॉक्टर व्हावयाचे नसल्याकारणाने'? तीन कागद फाडून त्यांनी चौथ्यावर एवढंच लिहिलं की सदर यादी ही वैयक्तिक कुतूहलापोटी असून तीत शासनाचा कोणताही संबंध नाही. कचेरीत नेऊन दिल्यावर बडे बाबूंनी ते दोनदा वाचलं, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ते ठीक हाय. पण आमचा मेव्हणा तबला वाजवतो. वैयक्तिक कुतूहलात त्याला बी घ्या."

त्या संध्याकाळी अप्पा चौकातून येत असताना त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. वीस फूट उंच. खाली कुणाच्या तरी धडावरचा निळा कोट होता, आणि त्याखाली मजकूर: 'ज्येष्ठ समकालीन दृश्यकलावंत मा. गुरुलिंगअप्पा शेटकार (डॉक्टर) यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त हयात कलावंत.' एकसष्ट जणांनी मिळून शिवकुमारकडून करून घेतला होता. अप्पांचं मन राखलं की यादीत नाव पक्कं राहील, असा साधा विचार होता. एवढंच असतं तर अप्पांनी सोसलं असतं. पण निळ्या कोटाच्या उजव्या खांद्यावर एक हात होता. अंगठीवाला, केसाळ, मनगटापासून तोडलेला. धड ज्या फोटोतून घेतलं होतं त्यातल्या शेजारच्या माणसाचा हात पुसायचा शिवकुमार विसरला होता.

"हात कुनाचा हाय?" घरी आल्यावर शिवकांताबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. रामलिंगप्पांनीही तोच विचारला. दूधवाल्यानंही. अप्पा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. आपण काय शोधायला निघालो होतो, हेच त्यांना आता नीटसं आठवेना. आणि वीस तारीख सहा दिवसांवर आली होती.

अशात नांदेडहून फोन आला. बोलणाऱ्यानं आपलं नाव शिवम सांगितलं.

"सर, आम्ही काही आर्टिस्ट लोक मिळून प्रदर्शन भरवून राहिलो इथं नांदेडला. उद्घाटनाला ज्येष्ठ कलावंत पाहिजे होता. तुमचा फ्लेक्स पाहिला मोबाइलवर."

"ते चुकून झालं," अप्पा म्हणाले. "मी कलावंत न्हाई."

"मोठी माणसं असंच म्हणतात सर. पण तो खांद्यावरचा हात. कुणाचा म्हणून कुठंच सांगितलं नाही तुम्ही. आम्ही पोरं रात्रंदिवस त्याच्यावरच चर्चा करून राहिलो."

अप्पा फोन ठेवणारच होते. पण ऋतुजा समोर उभी होती. तिनं फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. अप्पांना वाटलं, एवढी फजिती झालीच आहे, तर एवढं एक करून टाकावं. तिथंही असा माणूस नाही सापडला तर सहीचा प्रश्न मिटला, लेक लातूरला परत. त्यांनी येतो म्हणून सांगितलं.

सतरा तारखेला बापलेक पहाटेच्या एसटीनं निघून साडेदहाला नांदेडात उतरले. प्रदर्शन स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. पत्त्यात 'वरचा हॉल' असं लिहिलं होतं, पण अप्पा दारातून आत शिरले तोच दोघांनी त्यांचे हात धरले, एकानं कपाळाला गंध लावलं आणि त्यांना पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. मान बरा ठेवतात इथली मंडळी, असं अप्पांना वाटलं. मग एका वयस्क गृहस्थानं त्यांना टॉवेल-टोपी दिली, टोपी स्वतःच्या हातानं डोक्यावर घातली आणि विचारलं, "मुलाचे आत्तेमामाच ना तुम्ही?"

खाली साखरपुडा होता. वरपक्षाचे पाव्हणे आले म्हणून मुलीकडच्यांनी आहेर केला होता. अप्पा उठून टोपी परत द्यायला लागले तर गृहस्थाला वाटलं पाव्हणा मानपानावरून रुसला. त्यानं वर एक शर्टपीस दिला. ऋतुजानं शेवटी "अप्पा, जिना," एवढंच म्हणून त्यांना बाहेर काढलं. अशा तऱ्हेनं ज्येष्ठ समकालीन दृश्यकलावंत कपाळाला गंध, डोक्यावर आहेराची टोपी आणि बगलेत शर्टपीस घेऊन उद्घाटनाला पोचले. वरच्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि आदरानं माना हलवल्या.

आत गेल्यावर अप्पांचा गोंधळ वाढला. एका कोपऱ्यात मोडकी खुर्ची होती. तिच्यावर बसावं म्हणून ते वाकले तर शिवम धावत आला, ती कलाकृती होती. पलीकडं स्टूल होतं, तेही तसलंच असेल म्हणून ते त्याच्यावर बसले नाहीत. ते मात्र खरोखरचं स्टूल होतं आणि शिवमनं ते त्यांच्यासाठीच ठेवलं होतं. एका भिंतीवर नुसती दोरी टांगली होती. अप्पा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मग तिला चित्र अडकवायचं राहिलंय असं कळलं. त्यांचे पाय दुखायला लागले. खालून पंगतीच्या वांग्याचा वास येत होता. आपण चुकून जिथं गेलो तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

पलीकडच्या भिंतीवर दाराएवढं एक चित्र होतं. पांढरं, आणि त्यावर वेडेवाकडे काळे डाग. समोर आठ-दहा माणसं उभी होती आणि चष्मा लावलेले एक गृहस्थ समजावून सांगत होते की पांढरा म्हणजे शहरातला एकांत, आणि काळा म्हणजे त्या एकांताला पडलेली स्वप्नं. अप्पा मागून पुढं आले. पुढं येता येता थांबले. मग अगदी जवळ गेले, बाजूनं वाकून पाहिलं, आणि 'हात लावू नये' अशी पाटी असताना उजव्या हाताचा तळवा चित्रावर ठेवून वरून खाली सावकाश फिरवला.

"सर," शिवम हळूच म्हणाला.

"शेवरा," अप्पा म्हणाले. चष्मेवाले गृहस्थ बोलायचे थांबले. "देवणी गाय हाय. पांढऱ्यावर असले डाग असले की त्याला शेवरा म्हनतात. ही डावी कूस. मान तिकडं, चित्राच्या भाईर. बसलेली हाय." त्यांनी जाड रंगाच्या गाठींवरून बोट फिरवलं. "अन् हे लंपी हाय. पाचवा दिवस असंल. ताप उतरला नसणार. हिला उठवू नये."

कोपऱ्यात कागदी कपातून चहा पिणारी तिशीची एक बाई होती. तिनं कप खिडकीत ठेवला आणि ती पुढं आली.

"सातव्या दिवशी गेली," ती म्हणाली.

तिचं नाव वर्षाराणी बिरादार. चित्र तिचं होतं, आणि गाव देवणीच्या अलीकडं. "तुम्ही आल्ता आमच्या गावाला," ती अप्पांना म्हणाली. "तीन वर्साखाली, लंपीच्या साथीत. पांढरी जीप होती. चांगल्या जनावरांना लस टोचली. आमची आधीच पडली होती. तुम्ही तिच्याकडं बघितलं, वहीत काय तर लिवलं अन् पुढं गेलात."

ती तक्रार करत नव्हती, तेच अप्पांना फार लागलं. त्यांना जीप आठवली, ऊन आठवलं, त्या महिन्यात रोज लिहिलेले आकडे आठवले. ती गाय आठवेना. त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. चौतीस वर्षं जनावरं पाहिली आणि हे एक पाहायचं राहिलं याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले, आणि आहेराची टोपी त्यांनी उगाच पुढं ओढली.

"हे चित्र म्या दीड वर्ष फिरवूलालेय," वर्षाराणी म्हणाली. "पुण्याला लावलं, हैदराबादला लावलं. लोक लई चांगलं म्हनले. कुनी नकाशा म्हनलं, कुनी ढग म्हनलं. गाय कुनीच म्हनलं न्हाई. तुम्ही पहिले."

यावर अप्पांनी काही तरी मोठं बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती, शिवमनं तर माइकही पुढं धरला. पण अप्पांना कर्तव्याची आठवण झाली. "बाई," ते म्हणाले, "एक विचारतो, राग मानू नका. ह्याच्यावर पोट भरतं का?"

"ह्याच्यावर न्हाई," ती हसली. "पण चित्रावरच भरतंय. लातूरला असते मी. नीटच्या क्लासवाल्यांना बायोलॉजीच्या आकृत्या काढून देते. किडनी, पानाचा छेद, बेडकाचं हृदय."

"बेडकाचं हृदय तुमचं आहे?" ऋतुजा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "झेरॉक्सच्या नोट्समधलं? खाली बारीक रेघांची शेडिंग असलेलं?"

"तेच."

"मी ते शंभर वेळा काढलंय. होस्टेलच्या भिंतीवर लावलंय. मला त्याची नावं कधीच पाठ झाली नाहीत," ऋतुजा म्हणाली. "मी नुसतं ते कसं काढलं असेल ते बघत बसायचे."

अप्पा एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत राहिले. दोन जिल्ह्यांत चित्रांवर जगणारा माणूस त्यांना अखेर सापडला होता, आणि तो नीटच्या क्लासवर जगत होता. म्हणजे तीन वर्षं त्या क्लासला ऋतुजाची फी भरून ह्या बाईला आपणच पोसलं. आणि बाईनं आपल्या लेकीला डॉक्टर होऊ दिलं नाही. आणि आपण बाईची गाय पाहिली नाही. ह्यात कोणी कोणाचं काय बिघडवलं ते अप्पांना लावता येईना. त्यांनी उद्घाटनाची फीत कापली, माइकवर "मला बाकीचं काही कळलं न्हाई, पण ही गाय खरी हाय," एवढंच बोलले आणि खाली उतरले. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. उतरताना मुलीकडच्यांनी त्यांना पंगतीला बसवलंच.

दुपारच्या एसटीनं दोघं परत निघाले. मुखेड मागं पडल्यावर अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो कागद दे."

ऋतुजानं दिला नाही. ती पर्स घट्ट धरून बसली. अप्पांनी हात पुढं तसाच ठेवला, तेव्हा तिनं संमतीपत्र काढून दिलं आणि मान फिरवली.

अप्पांनी चष्मा लावला. 'पालकाची सही' असं जिथं छापलं होतं तिथं सही होती. गु. ब. शेटकार. त्यांच्याच 'ग'चं पोट, 'र'ची लांब शेपटी, खाली दोन टिंबं. 'ट' काढताना पेन जिथं जोरात दाबलं जायचं तिथं कागद तसाच खोल गेलेला. आपण ही सही कधी केली ते ते खरोखर आठवू लागले. रांगेच्या दिवशी केली काय, चहाच्या गडबडीत?

"तुम्ही न्हाई केली," ऋतुजा खिडकीकडं बघत म्हणाली. "मी केली. लातूरहून निघायच्या आदल्या दिवशी."

"मग पाठवलं का न्हाई?"

"दोनदा पोष्टात गेले. टाकवलं न्हाई."

अप्पांना राग आला. खोटी सही, तीही बापाची. चौतीस वर्षांत त्यांच्या सहीवर एकानंही बोट ठेवलं नव्हतं. रागावायला ते वळले आणि पुन्हा कागदाकडं त्यांची नजर गेली. एवढी जशीच्या तशी सही त्यांना स्वतःला रोज करता येत नव्हती. ही पोर कधी बसली असेल, किती वेळा हे वळण बघत गिरवलं असेल. हसावं, रागवावं की काय करावं, त्यांना काही सुधरेना. एवढंच कळलं की ह्या सहीकडं हिच्या आधी कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. आता खोडणार, म्हणून ऋतुजानं डोळे मिटले. गाडी हिसके देत होती, म्हणून अप्पा थांबले. पुढच्या थांब्यावर एसटी उभी राहिली, कंडक्टर खाली उतरला, तेव्हा त्यांनी कागद गुडघ्यावरच्या शर्टपीसवर सरळ केला.

"तारीख कुटाय?" ते म्हणाले. "तारीख घातल्याबिगर मी कुटंच सही करीत न्हाई."

आणि सहीच्या खाली, आपल्या हातानं, त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली.